अकरा नंबरच्या खाटेची घंटा

६ जून

प्रिय खारू,

सोबत दोन पानी फॉर्म जोडला आहे. दुसऱ्या पानावर खाली जिथे पेनाने फुली मारली आहे, तिथे सही करून परत पाठव. पाकिटावर माझा पत्ता आणि तिकीट दोन्ही आहे, तुला नुसतं पेटीत टाकायचं आहे.

तुझा पत्ता वहिनीने दिला. दादाला विचारलं तर "असेल कुठेतरी" म्हणाला. अठरा वर्षांत हे माझं पहिलं पत्र आणि तेही सहीसाठी, हे मला कळतं. पण कामाचं आधी सांगून टाकते.

आमच्या विभागाच्या सरावपुस्तकाची तिसरी आवृत्ती निघते आहे. समाजकार्य शिकणाऱ्यांनी माणसाची मुलाखत कशी घ्यावी, बोललेलं कसं नोंदवावं, त्याचा अर्थ कसा लावावा, हे त्यात नमुना प्रकरणं देऊन शिकवतात. त्यातलं चौथं प्रकरण तुझं आहे. पहिल्या दोन आवृत्त्यांना तुझी जुनी सही चालून गेली. आता नियम बदलले. दर आवृत्तीला माहितीदाराची, म्हणजे जिची मुलाखत घेतली तिची, नव्याने संमती लागते. एकतीस जुलैपर्यंत फॉर्म आला नाही तर प्रकरण गाळावं लागेल आणि त्याच्यावर बेतलेले तीन धडे पुन्हा लिहावे लागतील. मला पुढच्या वर्षी निवृत्त व्हायचं आहे, आता नवे धडे लिहायचा उत्साह नाही.

तुझं नाव कुठेही नाही. "क्ष, वय सव्वीस, अविवाहित, कचेरीत नोकरी" एवढंच. गावाचंही नाव नाही, दवाखान्याचंही नाही. आमच्या धंद्यात नावं काढून टाकायची इतकी सवय होते की मला शेजाऱ्यांचीही नावं आठवत नाहीत. वरचे पोस्टमास्तर, खालच्या शिवणकामवाल्या, असंच चालतं.

तुला आठवावं म्हणून प्रकरणातला मुख्य भाग उतरवून देते:

"क्षची आई शस्त्रक्रियेनंतर वॉर्डात होती. क्ष सोबत होती. दुपारी तीन चाळीसच्या सुमारास ऑक्सिजनची नळी निसटून आईचा मृत्यू झाला. कुटुंबातील इतर सदस्य त्या वेळी उपस्थित नव्हते. क्ष सांगते की तिने मदतीसाठी खाटेजवळच्या घंटेचं बटण वारंवार दाबलं, पण घंटा बिघडलेली होती. वॉर्डातील परिचारिकेनुसार घंटा वाजलीच नाही. कुटुंबाच्या मते, दोन रात्रींच्या जागरणानंतर क्षला झोप लागली होती. तासाभराच्या मुलाखतीत क्ष घंटेचा उल्लेख चौदा वेळा करते. अर्थ: अपराधभाव पेलवत नसल्याने क्षने दोष एका निर्जीव वस्तूवर ठेवला आहे."

वाचून तुला त्रास होईल असं वाटत नाही. एकोणीस वर्षं झाली.

माझं बरं चाललं आहे. डावा गुडघा कुरकुरतो. तू अजून नकाशांच्याच कचेरीत आहेस असं वहिनी म्हणाली.

तुझी,
ताई


१९ जून

प्रिय खारू,

तुझं उत्तर नाही. टपालाला हल्ली वेळ लागतो. आठवण म्हणून हे लिहिते आहे, आणि वर्गात एक गोष्ट झाली तीही सांगते.

मी सध्या जो विषय शिकवते त्याचं नाव "सिद्धांत आणि व्यवहार: चिकित्सक दृष्टी". नावाला घाबरू नकोस. पुस्तकातली चौकट माणसावर बसवण्याआधी चौकटीलाच चार प्रश्न विचारायचे, एवढाच त्याचा अर्थ. हे कोण म्हणतं, कुठून म्हणतं, कुणाच्या सोयीचं आहे, कुणाला विचारायचं राहून गेलं. हा विषय मीच अभ्यासक्रमात आणला. दोन वर्षं कमिटीत डोकं फोडलं तेव्हा कुठे मंजूर झाला.

तर सोमवारी हे चार प्रश्न फळ्यावर लिहून मी प्रकरण चार वाचायला दिलं. यंदा वर्गात एक मोठ्या वयाची बाई आहे. अकरा वर्षं दवाखान्यात नर्स होती, आता नोकरी सोडून शिकायला आली. मुलं तिला नर्सबाई म्हणतात. ती कधी बोलत नाही, सगळं उतरवून घेते. तिने हात वर केला.

"मॅडम, ती घंटा कुणी बघितली का?"

"म्हणजे?"

"म्हणजे बिघडली होती का ते. आमच्याकडे निम्म्या घंटा बंदच असायच्या. आम्हीच सोबतच्या माणसाला सांगायचो, काही लागलं तर हाक मारा म्हणून."

यावर मी दर वर्षी, कुणी न विचारताच, एक ठरलेलं सांगते. घंटा चालू होती की बंद हा आपला प्रश्न नाही, आपण काही वायरमन नाही. तिला घंटेबद्दल पुन्हा पुन्हा बोलावंसं का वाटतं, हा आपला प्रश्न आहे. मी तेच सांगितलं. वायरमनवर मुलं दर वर्षी हसतात, यंदाही हसली.

नर्सबाई हसली नाही. "पण तिला वाटत नाहीये मॅडम," ती म्हणाली, "ती सांगतेय."

मी घड्याळ बघितलं आणि म्हटलं, पुढच्या तासाला बोलू. अठरा वर्षांत सहाशेच्या आसपास मुलं या प्रकरणावर परीक्षा देऊन गेली. कुणी घंटेचं विचारलं नाही. विचारलं असतं तर मी गुण कापले असते.

अशा वेळी माणसाला आत काहीतरी होतं, असं आपण धरून चालतो. मला काही झालं नाही. खडूचे हात धुतले, घरी आले, पंख्याखाली पडले आणि चक्क दोन तास झोपले. तुला दुपारची झोप कधी माहीतच नव्हती. सगळं घर घोरत असायचं आणि तू संपलेल्या पेन्सिलींचे तुकडे गोळा करून गाद्यांखाली, डब्यांमागे लपवत हिंडायचीस. खारू नाव त्यावरूनच पडलं, आईने ठेवलेलं.

फॉर्म पाठव.

ताई


४ जुलै

खारू,

फॉर्म मिळाला. सहीच्या चौकोनात सही नाही. तिथे पेन्सिलीने दोन शब्द आहेत: "टेप ऐक."

वर ताई नाही, खाली तू नाही. अक्षर नकाशावरच्या अक्षरांसारखं, सगळी एका उंचीची. मी ते टेबलावर ठेवून चहा प्यायले. मग मला राग आला. एवढा वेळ माझ्याकडे नाही, असं पहिलं वाटलं. परीक्षेचे पेपर पडलेत, गुडघा आहे, आवृत्तीची तारीख आहे. तू सही केली असतीस तर दोघींचं काम झालं असतं.

टेप आहे, एवढं सांगते. विभागाच्या लोखंडी कपाटात सगळ्यात खालच्या खणात. शिपाईमामांनी किल्ल्यांचा जुडगा आणला, तीन किल्ल्या लावून बघितल्या आणि म्हणाले, "मॅडम, हे कपाट उघडलं की त्यातलं काय काय टाकायचं तेही सांगून ठेवा." टेपवर माझ्या अक्षरात "माहितीदार ४" लिहिलेलं आहे. ती वाजवायचं यंत्र आता फक्त भाषा विभागाकडे आहे.

एक गोष्ट कबूल करते. ही टेप मी कधी ऐकलेली नाही. त्या काळी टेप टंकलेखिकेकडे जायची, ती कागदावर उतरवून द्यायची, आम्ही कागद वाचायचो. आणि उतरवताना मुलाखत घेणाऱ्याचं बोलणं गाळायचं, अशी आमच्याकडे पद्धत होती. पानं कमी लागतात, आणि वाचणाऱ्याचं लक्ष माहितीदारावर राहतं. माझ्या मार्गदर्शकांनी ती पद्धत पाडली होती. सर म्हणायचे, आपण खिडकी आहोत, खिडकीचं कशाला लिहायचं.

पुढच्या आठवड्यात बघते.

ताई


११ जुलै

खारू,

ऐकली.

भाषा विभागातल्या बाईंनी यंत्र दिलं, बटण हळू दाबा एवढं बजावलं आणि त्या जेवायला गेल्या. खोलीत मी एकटीच. बाहेर कुणीतरी बाकं सरकवत होतं.

सुरुवातीला माझा आवाज आहे. तारीख, वेळ, "माहितीदार क्रमांक चार". आवाज किती कोवळा आणि किती शहाणा. त्यावर तू हसतेस आणि म्हणतेस, "अगं, मी आहे ना समोर." हे हसणं कागदावर आलेलं नाही.

मग तू घंटेचं सांगतेस. बटण पांढरं होतं, खाटेच्या डाव्या दांडीला पट्टीने चिकटवलेलं. दाबलं की दारावर लाल दिवा लागायचा आणि बाहेर टेबलापाशी घंटा वाजायची. समोरच्या ओळीतला दिवा लागताना तू पाहिला होतास. आपल्या ओळीतला सोमवारपासून लागत नव्हता. नऊ नंबरच्या बाईंचे यजमान सरळ हाका मारायचे. नळी निसटली तेव्हा तू एका हाताने ती धरलीस आणि दुसऱ्या हाताने बटण दाबत राहिलीस. मग ओरडलीस. मग नळी सोडून धावलीस. टेबलापाशी कुणी नव्हतं. परत आलीस.

हे सगळं तू ज्या आवाजात सांगतेस, त्या आवाजात आपण नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसाला कुठून गळतंय ते दाखवतो. मी कागद पुढ्यात घेऊन ऐकत होते. घंटेचा उल्लेख चौदा वेळा, हे बरोबर आहे. पण त्यातले नऊ मी पुन्हा विचारलं म्हणून आहेत. "घंटेबद्दल अजून सांग." "घंटा म्हटलं की तुला काय आठवतं?" "तू मघाशी घंटा म्हणालीस." माझं बोलणं गाळलं, तुझं राहिलं, आणि कागदावर तू एकच गोष्ट धरून बसलेली वेडी दिसतेस.

त्रेपन्नाव्या मिनिटाला तू म्हणतेस, "ताई, तू जाऊन बघ ना ती घंटा. नर्स म्हणते वाजली नाही, म्हणून दादा म्हणतो की मी झोपले. ती वाजणारच नव्हती. तू बघून सांगितलंस तर दादा ऐकेल."

आणि मी म्हणते, "हो, बघते. पण आधी मला सांग, त्या क्षणी तुला काय वाटलं?"

मी हे तीनदा मागे नेऊन ऐकलं. दर वेळी मी तेच म्हणते, आणि फार मऊ आवाजात.

त्यानंतर पुढची सहा मिनिटं घरगुती बोलणं आहे, ते कामाचं नाही. मग टेप संपते.

यंत्र परत केलं. बाईंनी विचारलं, मिळालं का हवं ते. मी म्हटलं, हो. घरी येताना भाजी घ्यायची होती ती घेतली.

ताई


२० जुलै

खारू,

मी गेले होते बघायला.

एकटी गेले असते तर दारातूनच परत आले असते, म्हणून नर्सबाईला बरोबर घेतलं. तिला म्हटलं, प्रकरण चारमधला दवाखाना मला माहीत आहे, तुझा प्रश्न तपासून येऊ. ती लगेच निघाली. वाटेत तिने एकदाच विचारलं, "मॅडम, ही बाई तुमच्या ओळखीची आहे का?"

"धाकटी बहीण," मी म्हटलं.

"म्हणजे गेल्या त्या तुमच्या...?"

"आई."

तिने पिशवीतून पाण्याची बाटली काढून माझ्या हातात दिली. मला तहान लागलेली नव्हती, तरी मी प्यायले.

तो वॉर्ड आता वॉर्ड नाही. तिथे लोक व्यायामाला येतात, भिंतीला आडव्या दांड्या आहेत आणि एक म्हातारे गृहस्थ चेंडू दाबत बसले होते. दारावर लाल दिव्याची खोबण आहे, दिवा नाही. दुरुस्त्यांच्या जुन्या वह्या तळघरात ठेवलेल्या आहेत, असं नर्सबाईने दोन मिनिटांत काढून आणलं. दवाखान्यात कुणाला काय विचारायचं ते तिला माहीत आहे. मला फक्त कसं विचारायचं ते माहीत.

तळघरात जुने वायरमन भेटले. निवृत्त झालेत, पण सवयीने येतात. वर्ष सांगितल्यावर त्यांनी बरोबर वही ओढली. पान मीच उलटलं. "स्त्री शल्य वॉर्ड, खाट नऊ ते सोळा, घंटा व दिवे बंद." तक्रार सोमवारची. पुढे दुरुस्तीची तारीख, नंतरच्या सोमवारची. आई गुरुवारी गेली. खाट अकरा.

"त्या ओळीचं कायमचंच दुखणं होतं," वायरमन म्हणाले. "वरून पाणी झिरपायचं, वायर कुजायची. का हो, काय झालं?"

मी म्हटलं, काही नाही. झेरॉक्स काढून घेतली. फाटकातून आत गेल्यापासून हातात कागद येईपर्यंत वीस मिनिटं लागली असतील.

रविवारी दादाकडे गेले. तो आता थकला आहे. त्याने चष्मा शोधला, कागद वाचला, मग पुन्हा वाचला. वहिनी ओट्यापाशी उभी होती, तिने गॅस बंद केला.

"मग तू तसं का लिहिलंस?" दादा म्हणाला.

मी सांगायला लागले की त्या काळी अभ्यासाची पद्धत अशी होती, की माणूस जे सांगतो त्यामागे काय आहे ते शोधायचं. त्याने मला मधेच थांबवलं. "मला ते कळत नाही. मला वाटलं तू शिकलेली, तू जाऊन बघून लिहिलं असशील. मी तिला जेवताना पुस्तक उघडून दाखवलं, म्हटलं बघ, आता तर छापून आलंय. ती ताटावरून उठली ती उठलीच."

ते मला माहीत नव्हतं. तू नोकरीसाठी घर सोडलंस, असंच मी लोकांना सांगत आले.

दादाने वहिनीकडे तुझा नंबर मागितला. तिच्याकडे तो पहिल्यापासून आहे, दर महिन्याला बोलता म्हणे तुम्ही दोघी. नंबर लिहिलेला कागद त्याने खिशात ठेवला. मी जेवून निघाले. भूक लागली होती, व्यवस्थित जेवले. हे लिहायला लाज वाटते, पण झालं तसं लिहिते आहे.

झेरॉक्स सोबत पाठवते. तुला त्याची गरज नाही, तुला माहीतच होतं.

ताई


२८ जुलै

खारू,

ती सहा मिनिटं घरगुती नाहीत.

माझ्या त्या प्रश्नावर तू म्हणतेस, "तू दोनला येणार होतीस." तक्रारीच्या सुरात नाही. मी म्हणते, "ते आत्ता राहू दे." तू म्हणतेस, "राहू दे कसं? तू असतीस तर एक जण नळी धरून राहिली असती आणि एक जण धावली असती. एकटीला दोन्ही येत नाही." मग मी पाण्याचं विचारते, तुझ्या सुट्टीचं विचारते, गावातल्या मावशीचं विचारते. तू उत्तरं देतेस. टंकलेखिकेने विचारलं होतं, हे उतरवू का? मी म्हटलं, नको, वैयक्तिक आहे.

मी दोनला येणार होते. सकाळी तुला तसं सांगून निघाले होते. तू दोन रात्री काढल्या होत्यास, दुपारनंतर माझी पाळी होती. मी सरांच्या खोलीत होते. शोकाची जी चौकट मी पुढे तुझ्यावर बसवली, तिचा आराखडा त्यांना दाखवत होते. त्यांच्या डोक्यावर मोठं घड्याळ होतं, त्यामुळे वेळ कळली नाही असं मला म्हणता येणार नाही. दोन वाजले ते मी पाहिले. अडीचही पाहिले. सर म्हणाले बसा, चहा सांगतो. पाच वाजता वॉर्डात पोहोचले तेव्हा खाटेवर नवी चादर होती आणि तू बाकावर बसली होतीस.

प्रकरणात मी लिहिलं, "कुटुंबातील इतर सदस्य त्या वेळी उपस्थित नव्हते." या वाक्यावर सरांनी "संयत" असा शेरा दिला होता. तो कागद अजून माझ्याकडे आहे.

काल संपादक मंडळाला कळवलं की प्रकरण चार मागे घेते आहे. त्यांनी कारण विचारलं. मी म्हटलं, माहितीदाराने सांगितलेलं खरं निघालं. फोनवरच्या संपादकांनी मग विचारलं, त्याने विश्लेषणात नेमका काय फरक पडतो? मी हसले. अठरा-एकोणीस वर्षांत त्या प्रकरणावर मी पहिल्यांदा हसले.

त्याच्या जागी नवं प्रकरण लिहिलं आहे, सोबत आहे. नऊ पानं. त्यात क्ष मी आहे. वय सदतीस, समाजकार्याची संशोधक, आईच्या खाटेपाशी दोनला पोहोचणार होती. मुलाखत घेणाऱ्याचं सगळं बोलणं ठेवलं आहे, एक शब्द गाळलेला नाही. संमतीच्या फॉर्मवर मी सही केली. पण त्यावर दुसरी एक ओळ असते, "मजकूर वाचून पाहिला, चुका दाखवल्या," आणि ती घटनेशी संबंधित माणसाने भरायची असते. तसं माणूस मला एकच आहे.

सही केली नाहीस तरी चालेल. मग पानं कोरी जातील, मी तसं त्यांना सांगून ठेवलं आहे. माफी मागायला हवी हे मला कळतं. मागते आहे. मागताना आत काही हलायला हवं, ते हलत नाही, आणि खोटं हलवून दाखवायचं नाही एवढं ठरवलं आहे.

ताई


९ ऑगस्ट

प्रिय खारू,

पानं आली. तारीख टळून गेली आहे, पण संपादक थांबतो म्हणाले.

तुझ्या चुका वाचल्या. पांढरं बटण डाव्या दांडीला नव्हतं, उजव्या; टेपवर तू घाईत डावी म्हणालीस, असं लिहिलं आहेस. बदललं. वॉर्डापासून टेबलापर्यंत बारा पावलं नव्हे, एकोणीस. बदललं. नवी चादर नव्हती, नुसती गादी होती. तेही बदललं. मला तिथे चादर का दिसते ते मला माहीत नाही.

चौथ्या पानाच्या समासात तू लिहिलं आहेस, "दादाचा फोन आला होता. दोघंही फार बोललो नाही. त्याने दोनदा विचारलं, जेवलीस का." हे चुकांमध्ये धरायचं नाही, असं मी धरते.

आणि शेवटच्या पानावर सहीच्या जागी तुझा प्रश्न आहे. "अडीच वाजलेले पाहिलेस, तेव्हा तुला काय वाटलं? हे भर, मग सही करते."

तीन दिवस मी त्यावर बसले आहे. सहाशे मुलांना मी हा प्रश्न विचारायला शिकवलं, आणि मला कुणी विचारलेला हा पहिला. प्रथम लिहिलं की भीती वाटत होती, आईला तसं पाहवत नव्हतं, म्हणून पाय निघत नव्हता. चांगलं वाटलं वाचायला, पुस्तकातही शोभलं असतं. खोडलं. मग लिहिलं की महत्त्वाकांक्षेपुढे काही सुचत नव्हतं. तेही खोडलं. त्यात निदान मी कुणीतरी मोठी दिसत होते.

मग डोळे मिटून ती खोली आठवली. चहा आला होता. कपाला कान नव्हता, म्हणून मी तो रुमालाने धरला होता. सर आराखड्यावर पेन्सिलीने बरोबरच्या खुणा करत होते. घड्याळात अडीच. तुला खोटं कशाला सांगू, मला मजेत वाटत होतं. अपराधी वाटलं नाही, घाईही वाटली नाही. आईचा विचार मनात आला आणि सहज गेला. तो का गेला तेही मला आठवतं, ते आठवायला एकोणीस वर्षं लागली नाहीत, कुणी विचारलं असतं तर तेव्हाच सांगितलं असतं. तुझ्याबद्दल जे लिहिलं ते लिहितानाही मला ते माहीत होतं.

हे तुझ्या प्रश्नाखाली शाईने लिहिलं आहे, आता खोडणार नाही:

मला वाटलं, तिथे खारू आहे. ती काही झोपायची नाही.

ताई